तीनशे चाळीस काळे घडे

किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी
दि. १२ ऑक्टोबर २०२३

बाईंना गफूरचा सलाम.

पोचून बारा दिवस झाले. फोन केला असता, पण फोनवरचं निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग तुम्ही चिडता. म्हणून कागदावर लिहितोय. याचा फोटो काढून म्हसळ्याच्या झेरॉक्सवाल्या नबीलाला पाठवतो, ती छापून तुमच्याकडे पोचवील. तुमचं उत्तरही तिच्याकडेच द्या, ती मला फोटो पाठवील.

तुमचा मातीकामाचा स्टुडिओ बंद झाल्यापासून दोन वर्षं मी लोकांच्या बागा शिंपत होतो, त्यापेक्षा हे बरं आहे. हातात माती आहे. समुद्रही आहे, पण त्याला आपल्याकडचा वास नाही. इथे एक मोठं हॉटेल होतंय. त्याच्या आतल्या सजावटीचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिने आम्हाला आणलं. दालनात आणि जिन्यावर ठेवायला तीनशे चाळीस काळे घडे हवेत. डिझायनरने फोटो दिलेत. तो फोटो बघितला आणि मी हसलो. तुमच्या कपाटात वरच्या फळीवर जो काळा चकचकीत घडा आहे, अमेरिकेतून आणलेला, अगदी तसेच. चाक चालणार नाही, सगळं हातानेच, असा करार आहे म्हणे.

आम्ही दोघंच आहोत. दुसरे इसहाकभाई, हर्णैचे. वय एकावन्न. तिथे मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, इथे अकरा वर्षं पॉलिशचं काम करतात, संगमरवर, लाकूड, काय असेल ते. माती त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तू सांग, मी करतो. पण रागावून सांगू नको, मी लगेच रुसतो." आमच्यावर सुमीत म्हणून पुण्याचे इंजिनीयर आहेत. मुलगा चांगला आहे, मराठी बोलायला मिळालं म्हणून खूश असतो.

बाई, तुम्ही ते काळं काम स्टुडिओत एकदाच करून दाखवलं होतं, पाच छोट्या वाट्या. त्याला पंधरा वर्षं झाली. मला नीट आठवत नाही. मी सुमीतसाहेबांना सांगून बसलोय की मला येतं. सगळं पहिल्यापासून लिहून पाठवा.

तुमचा
गफूर


म्हसळा
दि. २१ ऑक्टोबर २०२३

प्रिय गफूर,

येत नसताना येतं म्हणून सांगितलंस, हे तुझं जुनं दुखणं. असो. लिहिते.

मी १९८४ साली न्यू मेक्सिकोत सात महिने होते. सांता फे गावाच्या उत्तरेला तिथल्या मूळ लोकांची गावं आहेत. गावाला स्पॅनिशमध्ये पुएब्लो म्हणतात, म्हणून त्या लोकांनाही सगळे पुएब्लोच म्हणतात. त्यातल्या एका गावात डोलोरेस नावाची बाई होती, तेव्हा साठीची असेल. दर शनिवारी मी तिच्याकडे जायचे. ती शिकवायची नाही. ती करायची, मी बघायचे. चुकलं की माझ्या हातातलं काढून घ्यायची आणि पुन्हा मातीच्या ढिगात टाकायची.

माती ती स्वतः डोंगरातून खणून आणायची. खणण्याआधी चिमूटभर मक्याचं पीठ जमिनीवर टाकायची आणि पुटपुटायची. पहिल्या वेळी मी विचारलं, काय म्हणालीस. म्हणाली, "मागून घेतलं." मग ती माती वाळवायची, भिजवायची, कापडातून गाळायची आणि तिच्यात ज्वालामुखीची बारीक राख मिसळून पायाने तुडवायची. ती राख महत्त्वाची. नुसत्या मातीचा घडा आगीत तडकतो. तुमच्याकडे मदिनेच्या बाजूला काळ्या ज्वालामुखी दगडांचे माळ आहेत असं वाचलंय, तिथली हलकी सच्छिद्र वाळू बांधकामवाल्यांकडे मिळते का बघ.

घड्याचा तळ उथळ ताटलीत बसवायचा. त्यावर मातीच्या लांब दोरीसारख्या वळ्या एकावर एक चढवायच्या. वळी करंगळीपेक्षा जाड नको. चार वळ्या झाल्या की थांब, त्या घट्ट होऊ देत, नाहीतर घडा बसेल. आतून-बाहेरून भोपळ्याच्या सुक्या कवचाने खरवडून भिंत एकसारखी कर. सावलीत वाळव, घास. मग लाल मातीचा पातळ लेप दे आणि तो ओला आहे तोवर गुळगुळीत गोट्याने घोट. मध्ये थांबायचं नाही. थांबलास की रेघ पडते, आणि ती रेघ नंतर जात नाही. इथे काचेचा लेप नसतो, ती सगळी चकाकी हाताची असते.

भट्टीचं नंतर लिहीन. आधी घडे उभे राहू देत.

तू तिची पद्धत वापरतोस याचं तिला वाईट वाटलं नसतं. तिने मला तशी मोकळीक दिली होती.

हेमलता


किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी
दि. १९ नोव्हेंबर २०२३

बाईंना सलाम.

ज्वालामुखीची वाळू मिळाली. बांधकामाच्या हलक्या विटांत घालतात तीच. गाळून घेतली. पहिले सहा घडे वाळतानाच फाटले, नंतरचे टिकले. आता सत्तावन्न तयार आहेत. माझ्या वळ्या तुम्हाला पसंत पडल्या नसत्या, पण बऱ्या आहेत.

घोटाईचं मात्र इसहाकभाईंकडे बघावं. एक घडा घोटायला तीन तास लागतात, माणूस उठत नाही. मांडीवर घडा घेतात, पोटाशी धरतात, गोटा फिरवताना डोळे मिटलेले. मी विचारलं, न बघता कसं जमतं? म्हणाले, "बोटीखाली काय आहे ते बघून कोण चालवतो? कळतं हाताला." त्यांच्या धाकटीचं लग्न मेमध्ये आहे. त्याआधी घडे संपवून कायमचं घरी जायचं म्हणतात. पत्नीचं नाव खैरुन्निसा. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावतात आणि काय जेवलो ते सांगतात. बाकी काही बोलत नाहीत. एवढंच.

अडलंय ते भट्टीवर. मला जेवढं आठवत होतं त्यावरून आवारात तीनदा जाळलं. घोड्याची लीद जवळच्या राबिग गावातल्या एका तबेल्यातून आणतो. पण समुद्राचा वारा सकाळी आठलाच सुटतो. घडे डागाळलेले निघतात, एक बाजू काळी, एक बाजू विटकरी. बावीस घडे वाया गेले. सुमीतसाहेबांना वरून बोलणी बसताहेत. वाऱ्यासाठी काय करायचं आणि काळं कसं पक्कं करायचं ते लवकर लिहा. जागेचं आम्ही बघतोय.

गफूर


म्हसळा
दि. २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय गफूर,

बावीस घडे. आधी विचारायला काय झालं होतं?

नीट वाच. घडे पालथे, लोखंडी जाळीवर, जमिनीपासून वीतभर वर. जाळीखाली बारीक लाकूड. घड्यांभोवती आणि वर पत्रे, म्हणजे ज्वाळा घड्याला भिडणार नाही. पत्र्यांभोवती सुक्या शेण्या. खालून पेटवायचं. आग चांगली लाल झाली की लिदीची पूड पोत्यांनी ओतायची, सगळं बुजवायचं. आग विझत नाही, गुदमरते. धूर आत कोंडतो आणि मातीत शिरतो. लाल घडा काळा होतो तो याच वेळी.

वारा अजिबात नको. तो कसा अडवायचा ते तुम्ही बघा. एकदा बुजवलं की आत हवा जाता कामा नये, कुठेही एक फट राहू देऊ नका. धूर बाहेर पडला की रंग चालला असं समजा. जिथून धूर निघताना दिसेल तिथे तत्काळ मूठभर लीद. त्यासाठी एक तास माणूस तिथून हलता कामा नये. डोलोरेस हलायची नाही. मी एकदा पाणी प्यायला उठले तर तिने महिनाभर मला भट्टीजवळ येऊ दिलं नव्हतं.

एवढं केलंस तर एकही घडा डागाळणार नाही. झाल्यावर फोटो पाठव.

हेमलता


किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी
दि. २४ डिसेंबर २०२३

बाई,

चार दिवस कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो.

इसहाकभाई गेले. चौदा तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. भट्टी गोदामात लावली होती. ते आत एकटे होते. धुरात एक वायू असतो, त्याला वास नसतो, असं डॉक्टर म्हणाले. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. भट्टीजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावरून खाली घसरले होते. हातात लीद होती.

आवारात वारा होता आणि शेजारच्या गोदामवाल्यांनी धुराची तक्रार केली होती, म्हणून वरून हुकूम आला की भट्टी आत लावा. शटर बंद होतं. वारा येत होता म्हणून त्यांनीच आतून ओढलं असावं. मी तेव्हा गेटवर होतो, लिदीचा ट्रक आला होता.

पोलीस येऊन गेले. मय्यत शवागारात आहे. कंपनीने एक कागद तयार केलाय. मनाई असताना इसहाकने शटर स्वतः बंद केलं, असं त्यात आहे. खाली मी सही करायची, साक्षीदार म्हणून. सही झाली की प्रकरण मिटेल, मय्यत लवकर मिळेल आणि मलाही घरी सोडतील असं सुमीतसाहेब म्हणतात. ते तुम्हालाही लिहिणार आहेत. ही पद्धत उघड्यावरच करायची असते आणि तसं तुम्ही मला स्पष्ट कळवलं होतं, असं पत्र त्यांना तुमच्याकडून हवंय.

काय करू ते सांगा.

गफूर


म्हसळा
दि. २ जानेवारी २०२४

प्रिय गफूर,

तुझं पत्र नबीला स्वतः घेऊन आली. तिने छापताना वाचलं होतं. दारातच रडायला लागली, त्यामुळे वाचण्याआधीच कळलं की कुणीतरी गेलं. मला वाटलं तू.

ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याचा घोटणारा हात मला गेला महिनाभर डोळ्यांपुढे दिसत होता.

सुमीत यांची ईमेल आली. मी त्यांना उत्तर पाठवलं आहे. ही भट्टी उघड्यावर लावतात हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मी तुला तसं सांगितलेलंच होतं. बंद जागेत धूर कोंडायचा हे कुणाच्याही डोक्यात कसं आलं? तू अठरा वर्षं माझ्या भट्टीवर होतास. तुला तरी कळायला हवं होतं.

शटर त्याने ओढलं असेल तर तसं लिहून दे. जे खरं आहे त्यावर सही करायला काय हरकत आहे? आणि घरी ये.

हेमलता


किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी
दि. १३ जानेवारी २०२४

बाई,

तुमच्यापुढे मी कधी उलट बोललो नाही. आज लिहितोय.

तुमचं सव्वीस नोव्हेंबरचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यात उघड्यावर हा शब्द नाही. मी तीनदा वाचलं, मग सुमीतसाहेबांकडून वाचून घेतलं, माझेच डोळे फसवत असतील म्हणून. तुम्ही लिहिलंय, "वारा अजिबात नको." लिहिलंय, "कुठेही एक फट राहू देऊ नका." लिहिलंय, "एक तास माणूस तिथून हलता कामा नये." सुमीतसाहेबांनी त्या पत्राचं हिंदी करून गोदामाच्या भिंतीवर चिकटवलं होतं. शटर पूरा बंद, आदमी वहीं बैठेगा. चौदा तारखेला दुपारी त्यांनी तो कागद काढून घेतला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिलेत.

हे तुमच्यावर ढकलायला लिहीत नाही. आता माझं ऐका.

शटर इसहाकभाईंनी ओढलं नाही. मी ओढलं. बाहेरून.

याआधी दोनदा आत भट्टी लावली होती, शटर अर्धं उघडं ठेवून. घडे बरे निघाले, पण खालच्या कडा तपकिरी राहिल्या. दोन्ही वेळा आमची डोकी दुखली. दुसऱ्यांदा इसहाकभाईंना उलटी झाली. मेसमधल्या माशांनी झालं असेल असं मी म्हणालो. तेही तेच म्हणाले. म्हणाले, "मासा होता का तो? रबर होतं." हसलो आम्ही. बाई, मला तेव्हा शंका आली होती. लहानपणी आमच्या गावात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेलं एक म्हातारं जोडपं उठलंच नव्हतं, ते मला ठाऊक होतं. शंका आली आणि मी ती बाजूला ठेवली, कारण तुमचं पत्र होतं. बाईंनी लिहिलंय तर बाईंना ठाऊक असणार.

आणि तुम्हाला गोदामाचं लिहिलं नाही, तेही मुद्दाम. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला काम सोडावं लागलं असतं.

आता कागदावर मी सही केली तर मी सुटतो. नाही केली आणि खरं सांगितलं तर मला इथेच थांबावं लागेल, कदाचित आत जावं लागेल. मय्यतही अडकून राहील. खैरुन्निसाभाभी रोज फोन करतात. एकच विचारतात, कधी पाठवताय.

गफूर


म्हसळा
दि. २४ जानेवारी २०२४

गफूर,

तुझं पत्र वाचून मी माझ्या पत्राची खरडलेली प्रत शोधून काढली. तू लिहितोस ते शब्दन् शब्द खरं आहे. उघड्यावर असं मी लिहिलं नव्हतं. मला ते लिहायची गरजच वाटली नाही. माझ्यासमोर डोलोरेसचं अंगण होतं आणि त्यावरचं आभाळ. तू कुठल्या जागेत उभा आहेस हे मी विचारलंसुद्धा नाही. "जागेचं आम्ही बघतोय" असं तू लिहिलं होतंस. त्या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. मी बावीस घड्यांचा राग धरून बसले होते.

आणि दोन तारखेला, सगळं कळल्यावर, मी तुला खोटं लिहिलं. सुमीत यांनाही खोटं लिहिलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला स्वतःला वाचवावंसं वाटलं, कशासाठी ते ठाऊक नाही.

आणखी एक. डोलोरेसने मला मोकळीक दिली नव्हती. मी निघाले त्या दिवशी तिने तो घडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, हे तू तुझ्या हातासाठी कर, घरासाठी कर. विकायला करू नकोस आणि विकणाऱ्याला सांगू नकोस. आमच्या आयांनी आम्हाला दिलंय, बाजाराला दिलेलं नाही. मी हो म्हटलं. चाळीस वर्षं पाळलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की मला अजून कुणीतरी विचारतंय. स्टुडिओ बंद झाल्यावर दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.

काल सुमीत यांना दुसरी ईमेल पाठवली. पहिलं पत्र खोटं आहे, ते कुठेही वापरू नये, असं लिहिलं. सोबत माझ्या सव्वीस नोव्हेंबरच्या पत्राची प्रत जोडली. तीच आपल्या वकिलातीतही पाठवली आहे.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. याआधी सांगितलं ते पुरे झालं. मी हर्णैला जाते. खैरुन्निसाला हे फोनवर कळावं असं मला वाटत नाही, आणि मला फोन ऐकूही येत नाही.

हेमलता


राबिग
दि. ११ फेब्रुवारी २०२४

बाई,

सहा तारखेला पोलिसांत जबाब दिला. अरबी-उर्दू जाणणारा एक दुभाषी होता. शटर मी ओढलं, बाहेरून, आणि भिंतीवर कागद होता, हे सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "सोच लो, भाई, ये लिख दूँ?" मी हो म्हटलं.

मला आत ठेवलेलं नाही. पण निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जायचं नाही. किती महिने, कुणी सांगत नाही. कंपनीने खोली काढून घेतली. राबिगला मुरूडच्या एका नूरुद्दीन नावाच्या माणसाने जागा दिली आहे, तो इथे किराणा दुकानात असतो. सुमीतसाहेबांनाही बोलावलं होतं. बाहेर बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "गफूरभाई, मीही वरचा हुकूमच पाळला हो." मी म्हणालो, ठाऊक आहे. मग ते उठून दुसऱ्या बाकावर गेले.

घड्यांचं काम बंद पडलंय. हॉटेलवाल्यांनी फायबरचे काळे घडे मागवले असं ऐकलं. लांबून तसेच दिसतात म्हणे.

हर्णैला गेलात का?

गफूर


म्हसळा
दि. २५ फेब्रुवारी २०२४

प्रिय गफूर,

गेले होते. बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि पुढे रिक्षा. घर बंदराच्या वरच्या आळीत आहे. त्या एकाच दारात जाळी वाळत घातलेली नव्हती, त्यावरून ओळखलं.

खैरुन्निसा माझ्यापेक्षा खूप लहान आहे, तरी मला म्हातारी वाटली. मी कोण ते सांगितलं. माझं सव्वीस नोव्हेंबरचं पत्र वाचून दाखवलं, त्या तीन वाक्यांसकट. शटरचं तू सांगितलंस तेही सांगितलं. मोठी मुलगी माझ्या कानाशी येऊन आईचं बोलणं मोठ्याने सांगत होती, कारण आई फार हळू बोलते.

ती रागावली नाही. माफही केलं नाही. ते मी मागितलंही नाही. तिने विचारलं, "तुम्ही कधी बसलात का, त्या भट्टीपाशी, तासभर?" मी म्हटलं, हो, पुष्कळदा. "मग तुम्हाला काही कसं झालं नाही?" मी म्हटलं, वर आभाळ होतं.

चहा दिला. मी नको म्हटलं नाही.

मग तिने ठरवलेलं सांगितलं. मय्यत इकडे आणायची नाही. दोन महिने शवागारात आहे, आता आणखी वाट बघायला लावायची नाही. तिकडेच दफन करा, त्या मातीत जागा मिळते हे नशीब, असं तिचे दीर म्हणाले. ती म्हणाली, नशीब वगैरे मला कळत नाही, पण त्यांना थंडी सोसत नव्हती. तिने सही केलेला कागद नबीलाकडून पाठवते आहे. तू जनाज्याला असावंस असं ती म्हणाली. हे तिने दोनदा म्हटलं, म्हणून लिहिते.

मुलीचं लग्न मेमध्येच होणार आहे.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "गफूरभाईंना सांगा, मला त्या सकाळचं सगळं लिहून पाठवा. काय खाल्लं, काय बोलले. आणि शेवटी त्यांनी हाक मारली का, ते." तिला वाचता येत नाही, मुलगी वाचून दाखवील. पत्र माझ्याकडे पाठव, मी न वाचता पोचवीन.

हेमलता


राबिग
दि. ९ मार्च २०२४

खैरुन्निसाभाभींना गफूरचा सलाम.

परवा, गुरुवारी, असरच्या नमाजानंतर इसहाकभाईंना दफन केलं. मी कबरीत उतरलो होतो. नूरुद्दीन आणि आपल्याकडचे अकरा लोक होते. सुमीतसाहेब आले होते, बाहेर गाडीपाशी उभे राहिले. जागेचा फोटो पाठवत नाही, तिथे नाव लावत नाहीत. पण भिंतीपासून पाचवी ओळ, बाभळीच्या बाजूने सातवी कबर. लेकींना सांगून ठेवा.

आता त्या सकाळचं.

साडेपाचला उठलो. फज्रचा नमाज पढलो. मेसमध्ये डाळ आणि खुब्ज होती, ती रोटीसारखी असते. त्यांनी दोन खाल्ल्या. म्हणाले, खैरुन्निसाला दुपारी सांगायला काहीतरी बरं हवं, रोज डाळच सांगतो. म्हणून माझ्याकडचा बांगड्याच्या लोणच्याचा तुकडा घेतला. सातला गोदामात आलो. अठरा घडे जाळीवर मांडले. सगळे त्यांनी घोटलेले. एक घडा त्यांनी पुन्हा उचलला, फडक्याने पुसला आणि परत ठेवला. साडेआठला पेटवलं. साडेनऊला लीद ओतली. तेव्हा वारा आत येत होता आणि शेजारच्या गोदामाचा माणूस धूर बघायला येतोय असा फोन आला. मी म्हणालो, शटर पुरं ओढू का? ते म्हणाले, "ओढ. मी आहे इथे." मी म्हणालो, त्रास झाला तर बाहेर या. ते म्हणाले, "तासाचा तर प्रश्न आहे."

त्यांना शटर आतून उचलता आलं नसतं. आतली कडी मोडलेली होती. हे मला ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पोलिसांनाही नंतर सांगितलं. तुम्हाला आज सांगतोय.

मी शटर ओढलं आणि ट्रक उतरवायला गेटवर गेलो. गेट चाळीस पावलांवर आहे. पन्नास मिनिटं लागली. परत येऊन शटर उचललं तेव्हा ते खाली होते. मी त्यांना ओढून बाहेर आणलं. अंग गरम होतं. गाडी यायला वीस मिनिटं लागली.

तुम्ही विचारलं, त्यांनी हाक मारली का. डॉक्टर म्हणाले, या वायूत आधी झोप येते, माणसाला काही कळत नाही. ते खरं असेल. माझं मन राखायला म्हणाले असतील. हातात लीद होती, म्हणजे शेवटपर्यंत ते कामच करत होते असं मी स्वतःला सांगतो.

पण त्या वेळी गेटवर ट्रकचं इंजिन चालू होतं, आणि शेजारी जनरेटर. चाळीस पावलांवरून मला काहीच ऐकू आलं नसतं. त्यामुळे त्यांनी हाक मारली नाही, असं मला तुम्हाला लिहिता येत नाही. मला ऐकू आली नाही, एवढंच मी लिहू शकतो.

गफूर